दुधाची हजेरी

म्हाळसाबाई टकारणीला एका जागी स्वस्थ बसलेलं सोलापुरात कोणी पाहिलं नाही. भाकरी खायची ती उभ्याने, बोलायची ती चालता चालता, आणि कुणाच्या ओट्यावर टेकलीच तर पाय जमिनीवर रोवून, उठायच्या बेतात. गिरणीतल्या बाया म्हणत, हिच्या पायाला भिंगरी आहे. भिंगरीबिंगरी काही नव्हती. तिच्या कानात घंटा होती. सकाळी हजेरी, संध्याकाळी हजेरी आणि पहारेकऱ्याच्या मनात येईल तेव्हा मधे एखादी. घंटा झाली की वसाहतीच्या तारेच्या कुंपणाआत, आपल्या झोपडीसमोर उभं दिसलंच पाहिजे. नाही दिसलं तर तुरुंग.

आता कोणी विचारील, बाईनं असं केलं तरी काय होतं? काही नाही. तिचा बाप गावोगाव फिरून जात्यांना टाकी लावायचा. झिजून गुळगुळीत झालेलं जातं टाकीनं ठोकून खडबडीत केलं की पीठ पुन्हा बारीक पडतं. त्यावर त्यांचं पोट. पण कुठल्याशा मोठ्या कचेरीत बसून मोठ्या माणसांनी असा शोध लावला की काही जाती जन्मतःच चोर असतात, आणि त्या यादीत टकारी बसले. एकदा असा शोध लागला की चोरी झाली का नाही हे बघण्याची कटकटच उरत नाही. म्हाळसाला कळत नव्हतं तेव्हाच तिचं कुटुंब गिरण्यांपलीकडच्या माळावर आणून तारेच्या कुंपणात घातलं गेलं. तिचं लग्न तारेत झालं आणि लेकही तारेतच झाली.

सरकारनं आत काही कमी केलं नव्हतं, हेही सांगायला हवं. दवाखाना होता, शाळा होती, देवीची लस टोचायला माणूस घरी येई, आणि गिरणीत काम ठरलेलं. गावातल्या गरिबाला जे पाया पडून मिळत नव्हतं ते इथं न मागता मिळे. फक्त ते घ्यायला आधी चोर असावं लागे. आणि पोरगं जरा मोठं झालं की ते आईबापांजवळ ठेवत नसत, बिघडेल म्हणून. म्हाळसाची यल्लू वसाहतीतल्याच बोर्डिंगात होती. झोपडीच्या दारातून बोर्डिंगाचं छप्पर दिसे, पण लेक भेटायची ती रविवारी, थोडा वेळ, बाकावर बसून, मधे बोर्डिंगाची बाई उभी.

यातून सुटायची एकच वाट होती. ज्याची वागणूक चांगली त्याला तारेबाहेरच्या उघड्या वस्तीत घर मिळे, आणि मग लेकरूही घरी येई. वसाहतीचे धाकटे साहेब वेणीमाधवराव यांनी म्हाळसाला शब्द दिला होता, "दसऱ्यापर्यंत एकही हजेरी चुकवू नकोस. तुझं, नवऱ्याचं आणि मुलीचं नाव मी स्वतः पुढं पाठवतो." वेणीमाधवराव मनाचे फार चांगले होते. कुणावर हात उगारत नसत, पोरांना पेरू वाटत. म्हाळसानं त्यांचा शब्द पदराला गाठ मारावा तसा जपला, आणि तेव्हापासून ती जास्तच अस्वस्थ झाली. तिचा नवरा धुळा म्हणायचा, "तुझं बघून मलाबी बसवंना झालंय गं."

सोलापुरातला तीस सालचा मार्शल लॉ उठून दोन वर्षं झाली होती. गिरण्या कधी चालू, कधी अर्ध्या. रीळखात्यात म्हाळसाच्या शेजारी महानंदा नावाची बाई सुताच्या कांड्या भरायला बसे. लिंगायत विणकराची विधवा. नवऱ्याचा माग बंद पडला, मग छाती भरली, मग तो गेला. मागं सहा वर्षांची गंगम्मा. पहिले काही महिने महानंदा म्हाळसाच्या लोट्याला आपला पदर लागू देत नव्हती. पुढं दोघींचं इतकं जमलं की मुकादम ओरडला तरी एकीचं बोलणं दुसरी पुरं करायची.

श्रावणात गंगम्माला ताप चढला आणि उतरेना. महानंदानं तिला धर्मादाय दवाखान्यात नेलं. तिथं रांग, रांगेच्या शेवटी रंगीत औषध आणि सल्ला, पोरीला दूध पाज, अंथरुणात ठेव. दूध आणायचं कुठनं ते काही औषधाच्या बाटलीवर लिहिलेलं नव्हतं.

"तुमचं बरं हाय की," महानंदा एका दुपारी म्हणाली. "दागदर दारात. आजारी पोराला दूध. आमी काय चोरी केली न्हाय, म्हनून आमाला कायबी न्हाय."

म्हाळसाच्या हातातली कांडी खाली पडली. "मग ये की आत. भाईरनं आत यायला कुनी आडवत न्हाय."

म्हणायला ती रागानं म्हणाली. पण दोघींचे हात एकदम थांबले, ते मुकादम ओरडला तेव्हाच पुन्हा चालू झाले.

दुसऱ्या दिवशी महानंदानंच विषय काढला. म्हाळसाची एक बहीण होती, अक्कलकोटाकडं गेलेली. ती मेली असं सांगायचं. तिची पोर मावशीकडं आली, आजारी आहे, असं म्हणायचं. आठवडा-पंधरा दिवस औषध, दूध, आणि पोर उभी राहिली की परत. म्हाळसानं आधी नाही म्हटलं. खोटं पकडलं गेलं तर दसरा गेला, यल्लू गेली. रात्रभर ती झोपडीत येरझाऱ्या घालत राहिली. सकाळी महानंदा कामावर आली ती डोळे सुजवून, आणि म्हाळसाच्या तोंडून निघून गेलं, "आन पोरीला रविवारी."

गिरणीमागच्या चिंचेखाली महानंदा पोरीला पाठुंगळी घेऊन आली. गंगम्मा ग्लानीत होती. तिच्या गळ्यात, कपड्यात गुंडाळून दोऱ्यानं बांधलेलं लिंग होतं. लिंगायताच्या घरी मूल जन्मलं की बांधतात ते, आणि मग माणूस जातो तेव्हा त्याच्याबरोबरच जातं. घरात दाणा नसला तरी महानंदा पोरीच्या हातावर लिंग ठेवून, पाणी घालून, मगच तिला काय असेल ते खायला द्यायची. लिंग गळ्यातून उतरलं म्हणजे माणूस मेल्यातच जमा, असं तिच्या आईनं तिला सांगितलेलं.

"हे गळ्यात दिसलं तर टकारनीची भाची कोन म्हनंल?" म्हाळसा म्हणाली. तिचं सगळं लक्ष हजेरीच्या घंटेकडं होतं.

महानंदानं दोरा सोडायला घेतला. गाठ सुटेना. तिनं ती दातानं तोडली, लिंग कपाळाला लावलं आणि स्वतःच्या चोळीत, आपल्या लिंगाशेजारी घातलं. "अव्वा," पोरीनं झोपेत आईला हाक मारली. महानंदानं तोंडात पदर कोंबला आणि पाठ फिरवली.

फाटकावर म्हाळसाचा जीव उडून गेला होता. पहारेकऱ्यानं विचारलं, कोण? बहिणीची पोर. बहीण? मेली. त्यानं पोरीकडं वर-खाली पाहिलं आणि फाटक उघडलं. झालं, एवढंच. दवाखान्यातही तेच, आणि वेणीमाधवरावांसमोरही. टकारी बाईच्या कडेवर पोर आहे, म्हणजे ती टकाऱ्याची. हे खोटं इतक्या सहज पचलेलं पाहून म्हाळसाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मात्र औषध खरंच चांगलं होतं. डॉक्टर दोन वेळा बघून जाई. वेणीमाधवरावांनी स्वतः सांगून पोरीला दूध चालू केलं, पुढं मटणाचं पाणीही. ते पाणी बघून म्हाळसा चपापली. लिंगायताच्या पोरीनं जन्मात वासही घेतला नव्हता त्याचा. पण ताप उतरत होता, आणि गंगम्मा वाटी चाटून पुसून ठेवत होती. म्हाळसानं महानंदाला दूधच तेवढं सांगितलं.

पोर उठून बसली तशी "अव्वा कुठाय" सुरू झालं. म्हाळसा दोन दिवस गप्प करत राहिली आणि तिसऱ्या दिवशी वेणीमाधवरावांसमोर उभी राहिली. पोर बरी झाली, गावाकडं लावून देते म्हणाली.

"कुठल्या गावाकडं?" वेणीमाधवरावांनी चष्मा पुसत विचारलं. "आई मेली म्हणालीस ना? अनाथ मूल आपण असं सोडत नाही. उद्यापासून बोर्डिंगात."

"पर साहेब, ती हजेरीत न्हाय की. आजारी म्हनून आली..."

"दूध कशावर मिळालं तिला?" ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "हजेरीत नाव असल्याशिवाय दुधाचा थेंब निघत नाही. दुधाची हजेरी वेगळी आणि वसाहतीची वेगळी, असं काही नसतं बाई. एकच हजेरी."

ही गोष्ट म्हाळसाला ठाऊक असायला हवी होती. उभा जन्म तारेत गेला होता तिचा. पण तिला वाटायचं की हजेरी म्हणजे घंटा, पहारेकरी, तुरुंग. दवाखाना आणि दूध हा निराळा दरवाजा. तो एकच दरवाजा निघाला. ती घरी आली आणि चुलीसमोर उभीच राहिली. धुळानं हात धरून बसवली तर पुन्हा उठली.

महानंदाला सांगितलं तेव्हा ती ओरडली नाही. "माझीच चूक," एवढंच म्हणाली, आणि ते म्हाळसाला शिवीपेक्षा लागलं. रविवारी महानंदा तारेपाशी येऊन उभी राहू लागली. बोर्डिंगाच्या पोरी ओळीनं जात. निळ्या झग्यातली, केस कापलेली एक पोर ओळीतून मान वळवून बघायची. पहारेकरी महानंदाला हटकायचा, "काय बघतीस? चल, पुढं हो." ती थोडी पुढं जायची आणि पुन्हा मागं यायची.

एका कारकुनानं तिला सल्ला दिला, दोन प्रतिष्ठित माणसं आण, पोर आमच्या जातीची म्हणून साहेबांपुढं सांगू देत. महानंदा दिराकडं गेली. चन्नप्पा दोन मागांचा धनी, पंचांत उठबस, आणि घरात मुलीचं लग्न ठरलेलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"लिंग कुनी काडलं?" त्यानं विचारलं.

"मी."

"टकाऱ्यात जेवली?"

"लहान हाय ती, भावजी."

"मग ती आमची कशी? मी जाऊन कुनाची म्हनून सांगू?" असं म्हणून तो उठून आत गेला. आजारपणात त्याच्या घरचं कोणी पोरीला बघायला आलं नव्हतं. तेव्हा मात्र ती त्यांची होती.

दसरा जवळ येत होता. म्हाळसाचं नाव पुढं गेल्याची बातमी होती. यल्लू भेटीच्या बाकावर पाय हलवत विचारायची, "अम्मा, आपल्या घरला दार असंल का गं, आतनं कडी लावायचं?" म्हाळसा हो म्हणायची. खरं सांगितलं तर ते दार गेलं. नाही सांगितलं तर शेजारच्या बाकावर गंगम्मा बसायची, कोणी भेटायला न येणारी, आणि तिच्याकडं टक लावून बघायची. म्हाळसा त्या पोरीच्या नजरेला नजर देईना. आपल्याला यल्लू घरी हवी आहे, बाकी जगाचं काही होवो, असं तिला वाटायचं, आणि असं वाटल्याची लाज वाटून ती रात्री कूस बदलत राहायची.

शेवटी तिला सोसवेना. दसऱ्याच्या आदल्या सोमवारी ती वेणीमाधवरावांच्या खोलीत गेली आणि सगळं सांगून टाकलं. बहीण खोटी, भाची खोटी, चिंच, लिंग, महानंदा. "मला काय शिक्षा करायची ती करा. ऱ्हाते मी आत. पर पोरगी तिच्या आईला द्या."

वेणीमाधवरावांनी मधे एकदाही टोकलं नाही. मग ते हसले, वाईट नाही, लेकरानं थाप मारल्यावर बाप हसतो तसे.

"म्हाळसा, तुझी भाची बाहेर काढायला तू कुठली गोष्ट रचून आणलीस! लिंगायताची बाई आपली मुलगी टकाऱ्यात देईल? दुधासाठी? शहाणं माणूस विश्वास ठेवील का?" त्यांनी कागद सरळ केले. "तुमच्या लोकांच्या तोंडाला ही सवयच लागलेली असते, त्यात तुझा दोष नाही. मी हे ऐकलंच नाही असं समजतो. जा. तुझा दसरा काही मी बिघडवणार नाही."

ती बाहेर आली. जन्मात एकदाच जिवावर उदार होऊन खरं बोलली होती, आणि त्याची साधी शिक्षासुद्धा मिळाली नाही. शिक्षेच्या लायकीचंही तिचं खरं नव्हतं. फाटकावर मारलेली थाप मात्र अजून शाबूत उभी होती. महानंदाला तिनं हे दुसऱ्या दिवशी कांड्या भरता भरता सांगितलं. महानंदानं शब्द न् शब्द ऐकून घेतला, पुन्हा एकदा सांगायला लावला, आणि मग म्हणाली, "म्हंजे त्यास्नी खोटंच पटतंय."

दसऱ्याच्या दिवशी सकाळी म्हाळसाचं बिऱ्हाड निघालं. डोक्यावर बोचकं, धुळाच्या खांद्यावर बापाच्या टाक्या-हातोडीची पिशवी, आणि यल्लू बोर्डिंगाच्या झग्यातून परकरात आलेली, उड्या मारत. फाटकाशी वेणीमाधवराव आपटा वाटत उभे होते. तेवढ्यात बाहेरून महानंदा आली. न्हालेली, पदर नीट खोचलेला. ती म्हाळसाजवळ आली, गळ्यात पडल्यासारखं केलं आणि तिच्या हातात कपड्यात बांधलेलं काहीतरी दाबलं. म्हाळसानं चाचपलं. दोन लिंगं होती, एक लहान दोऱ्याचं आणि एक मोठ्या.

"महानंदा, आगं काय करतीस?"

"गप, अक्का," महानंदा कानात म्हणाली. मग ती वळली आणि वेणीमाधवरावांच्या पायाशी बसली. "साहेब, मी हिची भन. अक्कलकोटाकडची. मेली न्हाय मी. हजेरीच्या भ्यानं पळाले हुते. पोर हितं आडकली, म्हनून आले. चोर म्हना, काय म्हना, मला आत घ्या."

"खोटं हाय साहेब!" म्हाळसा ओरडली. "लिंगायत हाय ती! ह्ये बगा..." तिनं मूठ पुढं केली. पण महानंदानं खाली बसल्या जागेवरून तिच्याकडं असं पाहिलं की मूठ उघडेना. लिंग दाखवलं असतं तरी काय झालं असतं? टकारणीच्या हातात ते चोरीचंच ठरलं असतं.

वेणीमाधवरावांनी दोघींकडं आळीपाळीनं पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला. आपण माणसं ओळखतो याचा त्यांना आनंद झाला होता. "बघ, आणि तू मला कसली कथा सांगत होतीस! बहिणीला वाचवायला बघत होतीस, होय ना?" ते महानंदाकडं वळले. "पळून जाणं हा गुन्हा आहे बाई. पण आपल्या पायानं आलीस, मी सांभाळून घेईन. अंगठा दे." आणि पुन्हा म्हाळसाला म्हणाले, "तुझ्यामुळं दोन माणसं सुधारणेला आली. तुझ्या नावापुढं हे मी मुद्दाम नोंदवतो."

महानंदानं अंगठा दिला. शाई पदराला पुसली आणि आत चालू लागली. तिकडून निळ्या झग्यातली पोर "अव्वा, अव्वा" करत ओळ मोडून धावत सुटली होती, आणि पहिल्यांदाच तिला कोणी गप्प केलं नाही.

उघड्या वस्तीतल्या घराला दार होतं आणि आतून कडी होती. यल्लूनं ती दिवसभर लावली आणि काढली. म्हाळसानं दोन्ही लिंगं स्वच्छ कपड्यात बांधून उंच कोनाड्यात ठेवली. आपल्या हातानं त्यांना पाणी घालावं का घालू नये हे तिला ठरवता येईना. संध्याकाळी घंटा झाली. म्हाळसाचे पाय उठले आणि ती तारेपर्यंत येऊन उभी राहिली, बाहेरच्या बाजूला. आत नावं पुकारली जात होती. तिच्या जुन्या झोपडीसमोर एक बाई, बोर्डिंगातून सणापुरत्या सोडलेल्या पोरीला कडेवर घेऊन, उभी होती.

"महानंदा टकारीण!"

"हजर," महानंदा म्हणाली.